लाल अक्षरांची धास्ती

संख्याशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ‘आर’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा हाताळू लागलेल्या विद्यार्थ्याच्या पडद्यावर पहिल्याच तासाला लाल अक्षरे उमटतात: ‘ऑब्जेक्ट नॉट फाउंड’. माहितीला नाव देताना त्याने पहिले अक्षर कॅपिटल लिहिलेले असते आणि पुढच्या ओळीत स्मॉल. देवनागरीत असा भेदच नाही; तेवढ्यावरून संगणक दोन वेगळी नावे मानतो, हे मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला कुणी सांगितलेले नसते. चूक एका अक्षराची असते, पण तो मनाशी ठरवून टाकतो की हे आपल्याला जमणारे नाही.

ही धास्ती खरी आहे आणि तिच्यात शिक्षकांचाही वाटा आहे. क्रूझ, कॅश आणि बोल्टन या संशोधकांनी 1985 साली संख्याशास्त्राविषयीची चिंता मोजणारी 51 प्रश्नांची श्रेणी मांडली. तिच्या सहा घटकांत परीक्षेची भीती आहे, आकडेमोडीबद्दलचा आत्मविश्वास आहे. शिवाय मदत मागण्याची भीती आणि शिक्षकाची भीती हे घटकही वेगळे मोजले आहेत. प्रोग्रॅमिंग आल्यावर हे शेवटचे दोन अधिक बोचतात, कारण वहीतली चूक हाताखाली झाकता येते आणि पडद्यावरची शेजाऱ्यालाही दिसते.

खरे तर ‘आर’चा जन्मच शिकवण्याच्या गरजेतून झाला. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांना विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेसाठी चांगले सॉफ्टवेअर हवे होते. त्यातून 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ही भाषा आकाराला आली.

शिक्षकांनी एक उदाहरण वर्गात जरूर करून पाहावे. परीक्षेच्या गुणांची यादी घ्यावी; त्यात गैरहजर मुलांपुढे गुणांऐवजी ‘एबी’ लिहिलेले असते. यादी ‘आर’मध्ये आणली की त्या अक्षरांमुळे गुणांचा सगळा स्तंभ मजकूर ठरतो आणि सरासरी मागितल्यावर उत्तराऐवजी इशारा येतो. स्तंभाचे आकड्यांत रूपांतर केले, तरी ‘एबी’च्या जागी रिकामी नोंद राहते आणि सरासरी पुन्हा अडते. विद्यार्थ्याला वाटते, आपला प्रोग्रॅम चुकला. वास्तविक संगणकाने संख्याशास्त्रातला अस्सल प्रश्न विचारलेला असतो: या मुलांचे काय करायचे? समजा वर्गात 40 मुले आहेत, 4 गैरहजर आहेत आणि हजर मुलांच्या गुणांची बेरीज 1,800 आहे. गैरहजरांना वगळले तर सरासरी 50 येते, त्यांना शून्य दिले तर 45. कोणती योग्य? प्रश्नपत्रिका किती अवघड होती हे पाहायचे असेल तर पहिली. गैरहजेरीला शून्यच गुण असा नियम असेल तर दुसरी. ही चर्चा दहा मिनिटे चालली, तर त्या तासाला दुसरे काही शिकवले नाही तरी चालेल.

चुकीतून अशी चर्चा घडण्यासाठी शिक्षकाला वर्गासमोर चुकावे लागेल. संशोधकांना प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या ‘सॉफ्टवेअर कार्पेंट्री’ या उपक्रमाच्या कार्यशाळांत शिक्षक तयार स्लाइड न दाखवता समोरच प्रोग्रॅम टाइप करतो आणि चूक झाली की ती कशी शोधायची हे मोठ्याने बोलत दाखवतो. विद्यार्थी आपापल्या संगणकावर दोन रंगांच्या चिठ्ठ्या लावतात: एक ‘जमले’ची, दुसरी ‘अडले’ची. हात वर करण्याचा संकोच उरत नाही. या चिठ्ठ्यांना खर्च जवळजवळ नाही आणि जुन्या संगणकांच्या प्रयोगशाळेतही त्या चालतात.

परीक्षेचे मात्र एकट्या शिक्षकाच्या हाती नाही. प्रोग्रॅम पाठ करून कागदावर लिहायला लावणारा प्रश्न धास्ती वाढवतो आणि कौशल्य मोजत नाही. कामाच्या ठिकाणी अनुभवी विश्लेषकही मदतपान उघडूनच लिहितात. प्रात्यक्षिक परीक्षेत चालू प्रोग्रॅम देऊन उत्तराचा अर्थ विचारता येईल, बिघडलेला देऊन दुरुस्त करून घेता येईल. जर्नलमध्येही निर्दोष प्रोग्रॅमची सुबक नक्कल मागण्याऐवजी प्रत्येक प्रात्यक्षिकाखाली अडलेली एक जागा आणि ती कशी सुटली याची नोंद मागावी आणि तिला गुण द्यावेत. अभ्यास मंडळांवरील सदस्यांनी पुढच्या बैठकीत हा एवढा बदल मांडावा, अशी या मासिकाची आग्रहाची विनंती आहे.