कलशाच्या बाहेरच्या बायका

आमच्या मुखेड तालुक्यातल्या काही बचत गटांनी मिळून संघ केला, तेव्हा पहिल्याच बैठकीत प्रश्न आला चिन्हाचा. पाटीवर, शिक्क्यावर, कारळाच्या चटणीच्या पुडीवर काहीतरी छापायला हवं. एका प्रशिक्षणात आम्हांला सांगितलं होतं की आता शहरांचं आणि महोत्सवांचंही 'ब्रँडिंग' होतं. खरंच आहे. शेजारच्या देगलूर तालुक्यातल्या होट्टलला चालुक्यकालीन मंदिरं आहेत, त्यावर तिथल्या महोत्सवाची ओळख उभी राहते. 'लातूर पॅटर्न'ला तर चित्रही लागलं नाही, नुसत्या नावावर गावोगावचे आईबाप पोरांना घेऊन लातूर गाठतात. पण बायकांच्या संघटनेची ओळख म्हणून काय काढायचं? चित्र काढणाऱ्याला एकच सुचतं. बाई काढायची.

आमच्या चित्रकारानेही तेच केलं. संगणकावर सुबक चित्र करून आणलं. डोक्यावर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू, जोडलेले हात, मागे कलश. रंग गोरा. मला ते आवडलं होतं, हे कबूल करते. एम. एस. डब्ल्यू. करताना गटबांधणी शिकले, हिशेब शिकले, पण चित्र वाचायला कुणी शिकवलं नव्हतं.

बैठकीत कागद हातोहात फिरला. 'छान आहे', 'छान आहे' म्हणत पुढे जात होता. शेतमजूर बायकांच्या गटातल्या एका मावशींनी तो बराच वेळ धरून ठेवला आणि विचारलं, "ताई, ह्याच्यात आमाला कुठं बसवायलाव?"

त्यांच्या अकराजणींच्या गटात चौघी विधवा आणि दोघी नवऱ्याने टाकलेल्या. तांड्यावरच्या बंजारा बायका, बौद्ध वस्तीतल्या बायका, गावातल्या मुसलमान शिवणकाम करणाऱ्या, सगळ्या त्याच सतरंजीवर बसलेल्या. कुंकू आणि कलश घेऊन आम्ही निम्म्या बैठकीला दाराबाहेर उभं केलं होतं, आणि तेही स्वतःच्या संघाच्या दारात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ च्या मे महिन्यात विधवांचं कुंकू पुसण्या-बांगड्या फोडण्याविरुद्ध ठराव केला. त्याचं कौतुक आम्ही गटागटांत वाचून दाखवलं होतं. आणि पुडीवर मात्र सवाष्णच.

"एवढ्याशा चित्राने काय होतं?" असं कार्यकर्त्याही म्हणतात. त्यांनी लाल त्रिकोण आठवावा. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दीप त्यागी यांच्या पुढाकाराने कुटुंबनियोजनाची ही खूण देशभर रंगवली गेली. उलटा लाल त्रिकोण आणि चार चेहरे : आई, बाप, एक मुलगा, एक मुलगी. अक्षर न येणाऱ्या बाईलाही दवाखान्याची भिंत वाचता यावी हा त्यामागचा विचार चांगलाच होता, आणि तो साधलाही. पण आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, तेव्हा त्याच त्रिकोणाची लोकांना धास्ती बसली. नंतर शस्त्रक्रियेचा भार पुरुषांकडून सरकून बायकांच्या पोटावर आला. आणि ज्या बाईला दोन्ही मुलीच, तिला त्या चार चेहऱ्यांत जागा कुठे होती? भिंतीवरचं चित्रच सांगत होतं की घर मुलग्याने पुरं होतं.

उलट उदाहरण लिज्जतचं. १९५९ च्या १५ मार्चला मुंबईत गिरगावातल्या सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. 'लिज्जत' हे नाव आलं १९६२ मध्ये. बायकांनीच नाव सुचवावं म्हणून स्पर्धा ठेवली, बक्षीस ५ रुपये. आज त्या संस्थेतली प्रत्येक लाटणारी सभासद मालकीण मानली जाते. जाहिरातीतला ससा सगळ्यांना आठवतो, पण मला त्या ५ रुपयांच्या बक्षिसाचं जास्त अप्रूप वाटतं. नाव बाहेरून आलं नाही. शेजारी 'अस्मिता' ठेवून पाहा. ८ मार्च २०१८ ला राज्य सरकारने स्वस्त सॅनिटरी पॅडची ही योजना आणली, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना ८ पॅडचं पाकीट ५ रुपयांत. योजना गरजेचीच होती. पण नाव सरकारचं, पाकीट सरकारचं, विकायला बचत गट. अस्मिता, तीही वरून आलेली!

आम्ही तो कलश परत पाठवला. चित्रकार नाराज झाला, पैसे मात्र पूर्ण दिले. मग तीन बैठका नुसत्या चिन्हावर झाल्या. सूप सुचलं, तर एक वहिनी म्हणाल्या, सुपातून सवाष्णीला वाण देतात, पुन्हा तेच. चूल सुचली, ती मीच नको म्हटली (हा माझा हट्ट असेल). शेवटी मावशींनी कमरेचं खुरपं काढून सतरंजीवर ठेवलं. जमीनवाल्या घरच्या दोघींना ते मजुरीचं वाटलं. "चटणीच्या पुडीवर खुरपं कोण घेईल?" आणि शिवणकाम करणाऱ्या आपा म्हणाल्या, आम्ही तर रानात जातच नाही. म्हणजे कलश गेला तरी कुणी ना कुणी बाहेर राहिलंच की! मावशींनी खुरपं उचलून मूठ दाखवली. हाताला फोड येऊ नयेत म्हणून तिच्यावर चिंधी गुंडाळलेली होती. आपा हसल्या, "चिंध्या तर आमच्याच मशिनीखालच्या." चिंधी गुंडाळलेल्या मुठीचं खुरपं, असं ठरलं. जमीनवाल्या दोघींपैकी एक अजून रुसलेली आहे.

आता खरं भांडण पुढे आहे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात संघटनेला सामूहिक चिन्ह नोंदवता येतं. सभासद ते वापरतात, मालकी संघटनेची राहते, नोंदणी १० वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. आम्हांला मदत करणाऱ्या एका संस्थेचं म्हणणं, अर्ज आमच्या नावाने करू, बायकांना कागदपत्रं झेपणार नाहीत. मावशी अंगठा लावतात, पण त्यांनी विचारलं, "खुरपं कुणाचं?" अर्ज अजून भरलेला नाही, पुढची बैठक पोळ्यानंतर आहे. तुमच्या गटाचं चिन्ह कुणी काढलं, कुणाच्या नावावर आहे, आणि त्यासाठी कुणाशी भांडावं लागलं, ते जरूर कळवा. बैठकीत वाचून दाखवीन.