रंगीत नाड्या आणि मालकांचे मौन

इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलच्या मैदानांवर दरवर्षी काही दिवस खेळाडूंच्या बुटांना सप्तरंगी नाड्या बांधल्या जात. समलिंगी माणसांविषयी आपुलकी दर्शवणारी ही मोहीम स्टोनवॉल या संस्थेने २०१३ मध्ये सुरू केली. प्रीमियर लीगने पुढे तिला अधिकृत आश्रय दिला आणि २०२५ मध्ये त्या संस्थेशी असलेली भागीदारी संपवली. या बारा वर्षांत वीस क्लबांच्या त्या लीगमध्ये शेकडो खेळाडू आले आणि गेले. त्यांच्यापैकी एकानेही, लीगमध्ये खेळत असताना, आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले नाही. नाड्या होत्या, त्या बांधणारे हात होते. ज्यांच्यासाठी त्या बांधायच्या ते मात्र कुठे दिसले नाहीत.

याचा दोष कोणाचा, हे क्रीडासमीक्षकांनी आणि क्लबांच्या प्रवक्त्यांनी केव्हाच ठरवून टाकले आहे. खेळाडूंना धैर्य होत नाही आणि प्रेक्षक असंस्कृत आहेत, असे त्यांचे उत्तर. म्हणजे मैदानात राबणारा दोषी आणि पदरचे पैसे मोडून त्याला पाहायला येणारा श्रमिकही दोषी! काचेच्या दालनात बसून खेळाडू विकत घेणारा, विकणारा, त्याचा दर ठरवणारा मालक या हिशोबात कुठेच येत नाही. वस्तुतः या मौनाचा उगम त्याच दालनात आहे.

जस्टिन फाशानूचे उदाहरण जुने असले तरी ते टाळून पुढे जाता येत नाही. १९६१ मध्ये लंडनमध्ये जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा आईबापांपासून दुरावला आणि नॉरफोकमधील एका गोऱ्या कुटुंबात वाढला. सतराव्या वर्षी तो नॉर्विच सिटीकडून पहिला सामना खेळला. १९८० मध्ये लिव्हरपूलविरुद्ध त्याने मारलेला गोल बीबीसीने त्या मोसमातील सर्वोत्तम ठरवला, आणि १९८१ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्याच्यासाठी दहा लाख पौंड मोजले. एवढी किंमत आलेला तो ब्रिटनमधील पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू. फॉरेस्टने त्याआधी १९७९ आणि १९८० अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपियन कप जिंकला होता. व्यवस्थापक ब्रायन क्लफ यांचा शब्द तेथे कायदा होता.

फाशानू समलिंगींच्या क्लबांत जातो ही कुजबुज क्लफ यांच्या कानी गेली. पाव हवा असेल तर कोठे जातोस, मटण हवे असेल तर कोठे जातोस, अशी शाळकरी प्रश्नोत्तरे करून, मग त्या क्लबात कशाला जातोस, असा शिवीसकट जाब आपण विचारल्याचे क्लफ यांनी स्वतःच आत्मचरित्रात नमूद केले आहे. पुढे फाशानूला संघाबरोबर सराव करण्यास मज्जाव झाला. तरीही तो सरावाला आला, तेव्हा त्याला बाहेर काढण्यासाठी पोलीस बोलावण्यात आले. दहा लाख पौंडांचा नोकर, आणि तो कामावर हजर झाला म्हणून पोलीस! फॉरेस्टमध्ये त्याचा खेळ बहरला नाही हे खरेच आहे. बत्तीस लीग सामन्यांत त्याने तीनच गोल केले. परंतु ज्याला सहकाऱ्यांच्या शेजारी उभे राहण्याचीही मुभा उरली नव्हती, त्याच्याकडून कोणता बहर अपेक्षित होता? १९८२ च्या अखेरीस नॉट्स काउंटी या क्लबाने त्याला दीड लाख पौंडांत विकत घेतले.

येथे अर्थशास्त्रातील एका लाडक्या सिद्धान्ताची परीक्षा होते. शिकागो परंपरेचे गॅरी बेकर यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, भेदभाव हा मालकाला महागात पडणारा शौक आहे. गुणी कामगाराला नाकारणारा मालक तोटा सोसतो, प्रतिस्पर्धी त्या कामगाराला कमी मजुरीत घेतो, आणि स्पर्धेच्या रेट्याखाली भेदभाव हळूहळू झिजतो. बाजाराचे भाट आजही हेच सूत्र खेळाला लावतात. गोल करणाऱ्याची जात-पात, धर्म, शय्या कोण पाहतो, असे ते विचारतात. फॉरेस्टने तर पाहिली, आणि साडेआठ लाख पौंडांची घट सोसूनही पाहिली. बेकर यांच्या विवेचनातच याचा खुलासा दडलेला आहे, पण त्यांचे शिष्य ते पान सहसा उलटत नाहीत. पूर्वग्रह मालकाचा असेल तर स्पर्धा त्याला शिक्षा करू शकेल. पूर्वग्रह गिऱ्हाइकाचा असेल तर बाजार त्या पूर्वग्रहाचीच चाकरी करतो. तिकीट घेणारा, दूरचित्रवाणीचे शुल्क भरणारा, जाहिरात देणारा यांची नाराजी हा मालकाच्या लेखी खर्च आहे, आणि खर्च टाळणे हा त्याचा धर्म.

शिवाय फुटबॉल क्लबाच्या ताळेबंदात खेळाडूची नोंदणी हीच मालमत्ता म्हणून दाखवली जाते. मोजलेली रक्कम कराराच्या वर्षांत विभागून, यंत्राच्या घसाऱ्यासारखी, दरसाल वजा होते. आयपीएलच्या लिलावाचा हातोडा पाहिलेल्यांना हा प्रकार निराळा समजावून सांगायला नको. अशा व्यवस्थेत एखाद्या खेळाडूविषयीची कुजबुज म्हणजे त्या मालमत्तेचा जादा घसारा. खेळाडूला हे कोणी लिहून देत नाही, पण त्याला ते पक्के कळते. त्याचा दलाल त्याला आणखी स्पष्ट शब्दांत सांगतो. अशा माणसाला ‘धैर्य दाखव’ म्हणणे हे गिरणीच्या फाटकावर एकट्या कामगाराला मालकाशी भांडायला लावून स्वतः चहाच्या टपरीवर बसण्यासारखे आहे.

१९९० च्या ऑक्टोबरमध्ये ‘द सन’ या वृत्तपत्रात फाशानूने आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. त्याचा सख्खा भाऊ जॉन, जो स्वतः नामवंत फुटबॉलपटू होता, त्याने जाहीरपणे त्याच्याशी नाते तोडले. त्याबद्दल त्याला पुढे पश्चात्ताप झाला. कायद्याचा आधारही नव्हता. इंग्लंडमध्ये १९६७ च्या कायद्याने प्रौढ पुरुषांचे परस्परसंमतीचे खासगी संबंध गुन्ह्यातून वगळले होते, पण समलिंगी आहे म्हणून नोकरीवरून काढण्यास २००३ पर्यंत बंदी नव्हती. १९९८ मध्ये अमेरिकेतील मेरिलँड राज्यात सतरा वर्षांच्या एका मुलाने त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला. फाशानूने तो नाकारला. न्यायालयात त्याची शहानिशा झालीच नाही, कारण त्याच वर्षी मे महिन्यात लंडनमधील एका गॅरेजमध्ये त्याने गळफास घेतला. तो सदतीस वर्षांचा होता. त्याला संत ठरवण्याचे कारण नाही. क्लबाने त्याला जे वागवले त्याची चौकशी होण्यासाठी त्याने संत असण्याची गरजही नाही.

अमेरिकेतील बेसबॉलची कथा याहून वेगळी नाही. ग्लेन बर्क लॉस एंजेलिस डॉजर्सकडून खेळत असे. १९७७ मध्ये सहकाऱ्याने चेंडू टोलवल्यावर हात डोक्यावर उंच करून त्याला दिलेली टाळी आज जगातील प्रत्येक मैदानावर दिली जाते, आणि तिचे जनकत्व सामान्यतः बर्ककडेच जाते. त्याने लग्न करावे, मधुचंद्राचा खर्च संघ करील, असा प्रस्ताव संघाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने आपल्यापुढे ठेवल्याचे बर्कने पुढे सांगितले. लग्न म्हणजे बाईशीच ना, असे त्याने विचारले म्हणे. १९७८ मध्ये त्याला ओकलंडच्या संघाकडे पाठवण्यात आले आणि दोन-तीन वर्षांतच तो खेळाबाहेर गेला. १९९५ मध्ये एड्सने तो वारला. टाळी मात्र सर्वांनी ठेवून घेतली.

आता काळ बदलला, असे सांगितले जाते. किती बदलला ते २०२२ च्या विश्वचषकात कतारमध्ये दिसले. इंग्लंड, जर्मनी, नेदरलंड्स यांच्यासह सात युरोपीय संघटनांनी आपले कर्णधार समावेशाचे चिन्ह असलेली रंगीत दंडपट्टी बांधतील, असे मोठ्या अभिमानाने घोषित केले होते. दंड झाला तर तो भरण्याचीही त्यांची तयारी होती. फिफाने दंडाऐवजी पिवळ्या कार्डाचा इशारा देताच सातही संघटनांनी एकाच दिवशी माघार घेतली. पैसे भरून मिळणारी नीतिमत्ता त्यांना परवडत होती. खेळावर परिणाम करणारी परवडत नव्हती.

पुढच्याच वर्षी लिव्हरपूलचा कर्णधार जॉर्डन हेंडरसन, जो रंगीत नाड्या आणि दंडपट्टी आवर्जून बांधत असे, सौदी अरेबियातील अल-इत्तिफाक क्लबात दाखल झाला. ज्या देशात समलिंगी संबंध हा गुन्हा आहे, त्या देशातील नव्या मालकांनी त्याच्या आगमनाच्या चित्रफितीत त्याच्या दंडावरील सप्तरंगी पट्टी करड्या रंगाची करून टाकली. हेंडरसनला एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे, आणि इंग्लिश वृत्तपत्रांनी ते मनसोक्त केले. पण २०२१ मध्ये न्यूकॅसल युनायटेड या क्लबाची ऐंशी टक्के मालकी सौदी सरकारच्याच गुंतवणूक निधीने घेतली, तेव्हा त्या व्यवहाराला संमती देणारी हीच प्रीमियर लीग होती. खेळाडूने सौदीला जाणे हा विश्वासघात आणि सौदीचे भांडवल घरात घेणे ही गुंतवणूक, हा न्याय मोठा अजब आहे.

विरोधकांचे आक्षेप नवे नाहीत. समलिंगी खेळाडू असला की संघाची एकजूट बिघडते, हा त्यांतला सर्वांत जुना. स्टीव्हन डेव्हिस या इंग्लंडच्या यष्टिरक्षकाने २०१०-११ च्या ॲशेस दौऱ्यापूर्वी सहकाऱ्यांना खरे सांगितले. त्या दौऱ्यात इंग्लंडने चोवीस वर्षांनंतर ऑस्ट्रेलियात मालिका जिंकली. अमेरिकेच्या महिला फुटबॉल संघाने २०१९ चा विश्वचषक जिंकला, तेव्हा स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरलेली मेगन रॅपिनो अनेक वर्षे उघडपणे समलिंगी होती. त्याच वर्षी त्या संघातील खेळाडूंनी समान वेतनासाठी आपल्या महासंघाला न्यायालयात खेचले आणि २०२२ मध्ये २ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड पदरात पाडून घेतली. एकजूट यालाच म्हणतात.

ही खासगी बाब आहे, ती चव्हाट्यावर कशाला, असा दुसरा आक्षेप साळसूद चेहऱ्याने येतो. खेळाडूचा साखरपुडा, लग्न, प्रेक्षागारात बसलेली पत्नी, बारशाची छायाचित्रे हे सारे क्लब आणि जाहिरातदार वर्षभर विकत असतात. त्या वेळी खासगीपणाची आठवण कोणाला होत नाही.

याहून गंभीर प्रश्न डाव्या चळवळीच्या आतून येतो. भुकेचे, बेकारीचे, जातीचे प्रश्न समोर असताना लक्षाधीश खेळाडूंच्या शय्यागृहाची चिंता कार्यकर्त्यांनी का वाहावी? ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांनी ब्रायन क्लफ यांच्याकडे पुन्हा पाहावे. हा गृहस्थ कोणी प्रतिगामी नव्हता. तो स्वतःला समाजवादी म्हणवत असे, मजूर पक्षाचा उघड समर्थक होता आणि वंशद्वेष्ट्यांविरुद्धच्या अँटी-नाझी लीगला त्याने आपले नाव दिले होते. दूरच्या कामगाराची बाजू घेणाऱ्या या माणसाला आपल्याच मैदानावर आपल्याच हुकमाने एकटा पडलेला कामगार दिसला नाही. तो त्याला शिस्तीचा प्रश्न वाटला. चळवळीतल्या किती घरांत, किती कार्यालयांत हा प्रश्न आजही शिस्तीचा किंवा चारित्र्याचा वाटतो, याची मोजदाद ज्याने त्याने करावी.

आणि हे पाश्चात्त्यांचे चोचले आहेत, असे म्हणणाऱ्यांनी तर निदान महाराष्ट्राचा इतिहास आठवावा. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तो वाचकांच्या लैंगिक शंकांना, त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्याही शंकांना, त्यांनी दिलेल्या उत्तरांवरून. १९३४ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला ते हरले. ज्या कलम ३७७ ने १८६० पासून अशा संबंधांना गुन्हा ठरवले होते, ते इंग्रजांनी आणलेले होते, आणि संमतीच्या संबंधांपुरते ते रद्द व्हायला २०१८ उजाडले. आयात मालाचीच चर्चा करायची तर ती त्या कलमापासून सुरू व्हावी.

१६ मे २०२२ रोजी ब्लॅकपूल या दुसऱ्या श्रेणीतील क्लबाच्या जेक डॅनियल्सने आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. फाशानूनंतर बत्तीस वर्षांनी ब्रिटनमधील एका व्यावसायिक पुरुष फुटबॉलपटूने खेळत असताना हे सांगितले. पंतप्रधानांपासून राजपुत्रापर्यंत सर्वांनी त्याच्या धैर्याचे कौतुक केले. तो सतरा वर्षांचा होता. ज्या धंद्यात अब्जावधींची उलाढाल होते, त्या धंद्याची अब्रू राखण्याचे काम एका पोराच्या अंगावर टाकून मोठी माणसे टाळ्या वाजवीत होती.

इंग्लंडमधील फुटबॉलपटूंच्या संघटनेने १९६१ मध्ये, म्हणजे फाशानूच्या जन्मवर्षीच, संपाची तयारी करून आठवड्याला वीस पौंडांची कमाल वेतनाची मर्यादा मोडून काढली. दोन वर्षांनी जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात, करार संपल्यावरही खेळाडूला अडकवून ठेवण्याची पद्धत न्यायालयाने अन्याय्य ठरवली, त्यामागेही ही संघटना उभी होती. हाच मार्ग येथेही लागू आहे. आपली ओळख जाहीर करणाऱ्या खेळाडूला वगळले, विकले किंवा सरावापासून दूर ठेवले, तर त्याचे खेळाशी संबंधित कारण क्लबाने त्रयस्थ लवादापुढे सिद्ध करावे. प्रेक्षागारातून त्याला शिवीगाळ झाली तर क्लबाला पैशांचा दंड न करता लीगमधील गुण कापावेत. अशी कलमे प्रत्येक करारात घालून घेतल्यावाचून सही नाही, असे संघटनेने ठरवावे. आणि ही मागणी विवाहित, लेकुरवाळ्या, लाखो पौंड कमावणाऱ्या कर्णधारांनी व्यासपीठावर येऊन करायची आहे. डॅनियल्सने आपला वाटा उचलला आहे.