रोप विकणारा मोकळा, दोष मात्र शेतकऱ्याच्या पाण्याला!

मंडळी, पाऊस पडला की आपल्या भोकरदन तालुक्यात मोसंबीची लागवड सुरू होते. टेम्पोतून रोपं येतात, हिरवीगार आणि स्वस्त. पावती मागितली की विक्रेता हसतो. दोन-तीन वर्षांनी पानं पिवळी पडतात, खोडातून डिंक गळतो, झाड वाळतं. मग बांधावर येणारा प्रत्येक जण शेतकऱ्यालाच सुनावतो, "पाणी जास्त झालं तुमचं!"

पाणी कारण आहेच, पण अर्धंच. रोगाचं नाव फायटोफ्थोरा. आपण मूळकूज, डिंक्या म्हणतो. दिसायला बुरशी, पण शास्त्रज्ञ तिला खरी बुरशी मानत नाहीत. ओल्या मातीत तिचे बीजाणू चक्क पोहत मुळापर्यंत जातात. 1845 साली आयर्लंडचा बटाटा सडवून दुष्काळ आणला तो हिच्याच भावकीनं. आणि आपल्या रानात ती बऱ्याचदा येते रोपाच्या पिशवीतल्या मातीतून. म्हणजे पैसे मोजून आपण रोग घरी आणतो.

उपाय माहीत नाहीत असं नाही. पिशवीत भरायची माती निर्जंतुक करायची, पिशव्यांखाली पाणी साचू द्यायचं नाही, डोळा वीतभर उंचीवर भरायचा. जंबेरीच्या खुंटापेक्षा रंगपूर लाईम हा रोग जास्त सोसतो. नागपूरला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, आपल्याच जिल्ह्यात बदनापूरला मोसंबी संशोधन केंद्र आहे. फळरोपवाटिकांच्या नियमनाचा कायदा तर 1969 चा!

मग माझा कृषी विभागाला सरळ प्रश्न आहे. तालुक्यात विकल्या जाणाऱ्या रोपांची मुळं आणि माती कोण तपासतं? परवानाधारक रोपवाटिकांची यादी आणि तपासणी अहवाल दर जूनआधी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. रोगट रोपं विकणाऱ्याचा परवाना रद्द करा, नुकसान त्याच्याकडून वसूल करा. एकरी शंभरेक झाडं पाच वर्षं पोसून हाती सरपण येणार असेल, तर जालना मोसंबीच्या भौगोलिक मानांकनाचं करायचं काय?

शेतकरी बांधवांनो, आपणही पाच-दहा रुपयांसाठी पावती सोडू नका. खुंट कोणता ते विचारा. एक पिशवी फाडून मुळं बघा. बारीक मुळं तपकिरी असतील, साल बोटाला निसटून येत असेल, तर अख्खी गाडी परत पाठवा.

पटलं तर गावच्या ग्रुपवर टाका. लागवडीआधी वाचलं तरच उपयोग.