बस्ता बांधताना नवरीकडे पाहा

धान विकून हाती पैसा आला की गोंदियाच्या बाजारात बस्त्याची गर्दी होते. शालू पसंत करतात मामी, आत्या, काकू. नवरी मात्र घरीच! तसे करू नका. तिला सोबत न्या, पदर तिच्या खांद्यावर टाकून दुकानाबाहेरच्या उजेडात पाहा. मुलगी ठेंगणी असेल तर काठ अरुंद घ्या; रुंद काठाने ती अधिकच ठेंगणी दिसते. अंगाने भरलेली असेल तर मऊ, चापून बसणारे रेशीम घ्या. सडपातळ मुलीला आपल्या भागातले कोशाचे करवतकाठी लुगडे खुलते. पोलक्याच्या शिवणीत दोन बोटे कापड राखा. शालूची किंमत पाहुणे चार दिवसांत विसरतात. मनाविरुद्ध नेसलेला शालू लेक जन्मभर विसरत नाही.