मुलाची झोप हाही अभ्यासच



'पोराला डोकंच नाही. रात्री पाठ केलेलं सकाळी आठवत नाही,' ही तक्रार भिवपुरी-कर्जतच्या वस्त्यांत आम्हाला आया हमखास सांगतात. आम्ही उलट विचारतो, पोरगं झोपतं किती वाजता? उत्तर येतं, अकरा, कधी बारा. शाळा मात्र सकाळी सातची.

डोकं नाही, असं नसतं. दिवसभर शिकलेलं मेंदू आधी कच्चं नोंदवतो. गाढ झोपेत त्याची पुन्हा उजळणी होते आणि ते पक्कं बसतं. झोप अपुरी पडली की पाठांतर टिकत नाही, वर्गात लक्षही लागत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप हवी.

घर एका खोलीचं, हे आम्हाला ठाऊक आहे. परळच्या डबक चाळीतलं रामजी सुभेदारांचं घरही एकाच खोलीचं होतं. बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीर लिहितात की, सुभेदार भीमरावांना लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्यांना अभ्यासाला उठवत. आज कुणी पोराला दोन वाजता उठवावं, असं आम्ही म्हणत नाही. पण जागा अपुरी असताना बापाने आधी स्वतःची झोप मोडली, पोराची नाही. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले.

आपण निदान नऊला टीव्ही बंद करू शकतो. मोबाईल पोराच्या उशाशी न ठेवता फळीवर ठेवू शकतो. उशिराच्या लोकलने येणाऱ्याचं ताट झाकून ठेवून दिवा मंद करू शकतो. पुरेशी झोप होऊनही मूल पेंगत असेल, फिकट दिसत असेल, तर उपकेंद्रात रक्त तपासून घ्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी चुकवू देऊ नका. मूल रोज घोरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आता थोडं कडू बोलतो. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा असतात आणि १४ एप्रिलही असतो. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद ठेवावा, असा २००० सालचा ध्वनिप्रदूषण नियम आहे. काही दिवस सरकार सूट देतं, पण सूट मिळाली म्हणून ती वापरलीच पाहिजे असं नाही. 'शिका' म्हणणाऱ्या बाबासाहेबांच्या नावाने डीजे वाजतो आणि शेजारच्या घरात दहावीची मुलगी कानात कापूस घालून कूस बदलत राहते, हे आम्हाला पटत नाही. दुसरे लोक वाजवतात, हे उत्तर आपल्याला शोभत नाही.

विहाराच्या पुढच्या बैठकीत एवढा एकच ठराव घ्या : जयंती असो, लग्न असो की हळद, दहाला आवाज बंद. मिरवणूक दिवसा काढू, वाजतगाजत काढू. रात्र मुलांसाठी ठेवू.