भंगारातला टर्बो, पेट्रोल इंजिन आणि चोर्ला घाट

‘काका, १.३ लिटर डिझेल गाडीचा टर्बो भंगारात स्वस्तात मिळतोय. माझ्या १.२ पेट्रोल हॅचबॅकला बसेल का?’ बेळगावच्या एका तरुण वाचकाचा हा प्रश्न. गाडी दहा वर्षांची, घरात नवी आल्यावर याच्या वाट्याला आलेली. रोज गावातल्या गावात फिरणं आणि महिन्यातून एकदा चोर्ला घाटाने गोवा. अशाच आशयाचे प्रश्न आधीही आले आहेत, म्हणून या वेळचं सदर सगळं यालाच.

बसेल रे. उद्यमबागेत फ्लँज कापून देणारा, मॅनिफोल्डला वेल्डिंग करून देणारा कुणीतरी नक्की मिळेल. पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं.

आधी उष्णतेचं बघू. टर्बोला दोन पंखे असतात, एकाच दांड्यावर. एक्झॉस्टचा गरम वायू एका पंख्याला फिरवतो, दुसरा पंखा ताजी हवा दाबून इंजिनात ढकलतो. डिझेल इंजिनाचा एक्झॉस्ट पूर्ण जोरात असताना साधारण साडेसातशे-आठशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. पेट्रोलचा साडेनऊशे ते हजारापर्यंत जातो. डिझेलच्या टर्बोचं कास्टिंग आणि टर्बाइनचा धातू त्या तापमानासाठी निवडलेलाच नसतो. काही दिवस चालेल, मग घराला तडा जाईल किंवा टर्बाइनची पाती खराब होतील. त्यातून तो टर्बो हलत्या पात्यांचा, म्हणजे व्हेरिएबल जॉमेट्रीचा असेल, तर ती नाजूक पाती जास्त उष्णतेत अडकणारच. दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या मारत असतो हे लक्षात घे. तिथे तुटलेला तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही.

तर हा टर्बो नको. मग कुठला? इथे बहुतेक जण चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. आधी टर्बो आवडतो, मग इंजिनाचा विचार. हिशेब हवेपासून सुरू व्हायला हवा, आणि तो वहीच्या एका पानावर होतो.

तुझं इंजिन १.२ लिटरचं, फोर स्ट्रोक. दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा घेतं. म्हणजे ६००० आरपीएमला मिनिटाला ३००० वेळा १.२ लिटर, एकूण ३६०० लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, ८५ टक्के धरू. राहिले ३०६० लिटर. समुद्रसपाटीला ३० अंशांत हवेचं वजन लिटरला सुमारे १.१६ ग्रॅम, म्हणजे मिनिटाला साडेतीन किलोच्या आसपास हवा. पेट्रोल इंजिनाचा एक ढोबळ नियम आहे: मिनिटाला एक किलो हवा म्हणजे साधारण २२ हॉर्सपॉवर. साडेतीनला २२ ने गुण, ७७ येतात. कंपनीच्या कागदावरच्या आकड्याच्या जवळच आलास की नाही?

आता अर्धा बार बूस्ट दे. दाब दीडपट झाला, पण दाबलेली हवा तापते आणि विरळ होते, म्हणून इंटरकूलर धरूनही वजन बरोबर दीडपट होत नाही. सुमारे पाच किलो होतं. म्हणजे ११० हॉर्सपॉवरच्या आसपास. तुला लागणाऱ्या टर्बोचा पत्ता हाच: दीडच्या दाबाला पाच किलो हवा.

गंमत म्हणजे तो १.३ डिझेलसुद्धा ४००० आरपीएमला जवळपास पाचच किलो हवा घेतो, म्हणून भंगारवाल्याचं ‘सेम साईज आहे साहेब’ हे अगदीच खोटं नसतं. पण डिझेल ती हवा दुपटीच्या आसपास दाबाने घेतो, तू घेणार दीडपटीने. हा फरक कुठे दिसतो? कॉम्प्रेसर मॅपवर. चांगल्या टर्बोचा मॅप बनवणारी कंपनी देते. आडव्या अक्षावर हवेचं वजन, उभ्या अक्षावर दाबाचं गुणोत्तर, आणि मध्ये भूगोलाच्या नकाशातल्या समोच्च रेषांसारखी वर्तुळं. मधल्या वर्तुळात कार्यक्षमता सर्वांत जास्त. डावीकडची सीमा ओलांडली की हवा उलटी धडका मारते, त्याला सर्ज म्हणतात. उजवीकडे गेलं की पंखा नुसता घुसळतो, हवा पुढे जात नाही, फक्त तापते. मॅपच्या खालच्या भागात हा उजवा काठ आत सरकलेला असतो. म्हणून डिझेलला जी पाच किलो हवा आरामात मिळते, तीच कमी दाबाला काठाजवळ जाऊन पडते. ज्या टर्बोचा मॅपच मिळत नाही, तो मी तरी घेणार नाही, कितीही स्वस्त असो.

मॅपवर एकच बिंदू टाकून थांबू नकोस. ६००० आरपीएम तू दिवसातून किती वेळा गाठतोस? २५०० चा बिंदूही टाक. तिथे हवा लागेल साधारण दोन किलो. दोन्ही बिंदू मधल्या वर्तुळांच्या आसपास बसले तर टर्बो तुझा. मोठा टर्बो घेतलास तर पाच किलोचा बिंदू सुंदर बसेल आणि दोन किलोचा सर्जच्या रेषेला टेकेल. शिवाय टर्बाइन जड असल्याने तेवढ्या एक्झॉस्टने तो जागाच होणार नाही. घाटात वळणातून बाहेर पडताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला इंजिन दोन ते साडेतीन हजारांतच असतं. तिथे पाय दाबला आणि काही झालं नाही, आणि समोर ट्रक असताना दोन सेकंदांनी एकदम सगळं आलं, हे पिकअप नव्हे, संकट आहे.

कंपन्या काय करतात ते बघ. मारुती फ्रॉन्क्समध्ये १.२ साधं पेट्रोल आणि १.० टर्बो पेट्रोल अशी दोन इंजिनं आली. पॉवर साधारण ९० आणि १०० पीएस, म्हणजे फरक दहाचा. पण टॉर्क साध्या इंजिनाला ११३ न्यूटन मीटर, तोही ४४०० आरपीएमला, टर्बोला १४७.६, आणि तो २००० ते ४५०० पर्यंत सपाट. छोटा टर्बो लावलाय म्हणूनच. रस्त्यावरच्या गाडीला हेच गणित लागू. टर्बाइनच्या घराचा ए/आर आकडा लहान निवडला की टर्बो लवकर जागा होतो, वरच्या आरपीएमला एक्झॉस्ट थोडा कोंडतो. ती किंमत मी आनंदाने देईन.

बेळगावकरांसाठी एक जास्तीची ओळ. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहोत, इथला हवेचा दाब पणजीपेक्षा आठ-नऊ टक्के कमी. तेवढीच हवा इंजिनाला द्यायची तर दाबाचं गुणोत्तर दीडऐवजी १.६४ धरावं लागतं. टर्बो जास्त फिरतो, हवा जास्त तापते: कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षम धरला तर इंटरकूलरच्या आधी ८३ अंशांऐवजी ९५ च्या पुढे. पणजीत बसून काढलेला बिंदू इथे वर सरकतो. टर्बो निवडताना बेळगावचा बिंदू धर, गोव्यात तो आपोआप सोपा होतो.

आता जे ऐकायला आवडणार नाही ते. तुझ्यासारख्या टर्बोविना इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो बहुधा ११ च्या आसपास असतो, काहींचा १२. त्यावर आणखी दाबलेली, तापलेली हवा दिली की उरलेलं पेट्रोल ठिणगीच्या ज्योतीची वाट न बघता आपोआप पेटतं. हेच नॉकिंग. पिस्टनची रिंग-लँड तुटायला असे थोडेच क्षण पुरतात, आणि बंद काचेत गाणी लावलेली असताना ते ऐकूही येत नाही. १०० ऑक्टेनचं पेट्रोल निवडक पंपांवरच मिळतं, चोर्ल्याच्या वाटेवर त्याचा भरवसा धरू नकोस. इंजेक्टर, दाबाचा सेन्सर, ईसीयूचं ट्यूनिंग, क्लच, ब्रेक, हे सगळं टर्बोच्या किमतीबाहेरचं. टर्बो या यादीतली स्वस्त वस्तू आहे.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-ए मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा कंपनीला न कळवलेला बदल सापडला तर दावा नाकारायला तिला कारण मिळतं. दंडापेक्षा मला याची जास्त काळजी वाटते, कारण अपघातात समोरचाही कुणाचा तरी मुलगा असतो, आणि भरपाईचा बोजा शेवटी तुझ्या आई-बाबांच्या घरावर येऊ शकतो.

म्हणून माझं उत्तर असं: ही गाडी आहे तशी ठेव. टर्बोच हवा असेल तर कारखान्यातून टर्बो लावून आलेली जुनी गाडी शोध. तिचं इंजिन, कूलिंग, ब्रेक, कागद सगळं त्याच हिशेबाने बनलेलं असतं. हवेचा हिशेब तरीही करून बघ, कुठली गाडी तुझ्या रस्त्याला योग्य हे त्यातून कळेल.

अशी गाडी बघायला जाशील तेव्हा इंजिन थंड असताना हवेचा पाईप काढायला सांग आणि कॉम्प्रेसरचा दांडा बोटांनी हलवून बघ. बाजूला किंचित हलला तर चालतं, तेलाच्या थरासाठी तेवढी जागा ठेवलेलीच असते. पण पंख्याचं टोक घराला घासत असेल, किंवा दांडा आत-बाहेर जाणवेल इतका सरकत असेल, तर किंमत न बोलता निघून ये. पाईपमध्ये तेलाचा पातळ ओलावा असतोच, थेंब साचलेले दिसले तर विचार. आणि मालकाला सहज विचार, घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करता का? ‘हो, लगेच’ म्हणाला तर त्या टर्बोच्या बेअरिंगमध्ये करपलेलं तेल असण्याची शक्यता धरून भाव कर.