पैसे घ्यायला पिन कशाला?

जुना सोफा विकायला काढला, मोबाइलवर फोटो टाकला, की पाच मिनिटांत फोन येतो. गिऱ्हाईक वस्तू बघायला येत नाही, घासाघीसही करत नाही. 'मी फौजी आहे, बदली झालीय, पैसे आत्ताच पाठवतो,' म्हणतो आणि वर्दीतल्या फोटोचे ओळखपत्रही धाडतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात. इथे वर्दीचे नाव निघाले की संशय घेणेच अपराधी वाटते. सोंग नेमके तिथेच खपते.

मग क्यूआर कोड येतो: 'स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.' जमा कुठले, होते तेही जातात! यूपीआयचा पिन लागतो तो पैसे देताना. घेताना कधीच नाही. २०२१ मध्ये दिल्लीच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांची कन्या सोफा विकतानाच ३४ हजारांना फसली. तेव्हा फक्त अडाणीच फसतात, हा तोरा नको.

जनावरांच्या बाजारात म्हैस विकणारा नोटा मोजल्याशिवाय दावे हातात देत नाही. मोबाइलवर विकतानाही तोच बाणा हवा. फसगत झालीच, तर चारचौघांत हसे होईल म्हणून दोन दिवस गप्प बसणारेच जास्त. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक लगेच फिरवला, तर रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येऊ शकते.